स्थापना १९६६ ची का १९७९ ची? गावच्या माजी सैनिक संघटनेचा इतिहास लिहायला बसण्याआधी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांनी जिच्यात आयुष्य घातलं त्या माजी सैनिक संघटनेची स्मरणिका निघतेय, वीस-पंचवीस पानांचा इतिहास लिहायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, गाव उल्हास नदीच्या काठचं असल्यामुळे जुनी मिनिट बुकं, म्हणजे सभांच्या नोंदवह्या, २००५ च्या २६ जुलैच्या पुरात गेली, आणि कमिटीतले निम्मे म्हणतात स्थापना १९६६ ची तर निम्मे म्हणतात १९७९ ची. "काका, सुरुवात कुठून करू?" काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

माझं सांगायचं तर मी फौजेतून हवालदार क्लार्क म्हणून सुटलो, राहायला कळव्याला, ठाण्यातल्या एका छोट्या संघटनेचं सेक्रेटरीपद एकोणीस वर्ष केलं आणि आजूबाजूच्या आणखी तीन-चार संघटनांच्या स्मरणिकांचा मजकूर लिहून दिलाय. क्लार्क माणूस, त्यामुळे कागदावर जीव. पण पहिली स्मरणिका लिहिली तेव्हा मोठी चूक केली ती आधी सांगतो म्हणजे तू ती करणार नाहीस.

सगळे करतात तसंच मी केलं. आजवरच्या अध्यक्षांची यादी, प्रत्येकाचा पासपोर्ट फोटो, आमदार-नगरसेवकांचे शुभेच्छा संदेश, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन कोणाच्या हस्ते झालं त्याचे फोटो. चकचकीत आर्ट पेपर, खूष होतो आम्ही. प्रकाशनानंतर आठवड्याभराने एक मावशी ऑफिसला आल्या, म्हणजे ऑफिस कसलं, जिन्याखालची खोली. स्मरणिका टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ह्यात माझ्या मालकांचं नाव कुठंय ते दाखवा. मी पुस्तक उलटं-पालटं केलं, नव्हतंच. त्यांचे मालक लान्स नाईक, कधी कमिटीत नव्हते, पण बावीस वर्ष ध्वजनिधीचे, म्हणजे सैनिकांसाठी वर्गणी गोळा करायचे, डबे सायकलला अडकवून शाळा-शाळांत फिरवणारा आणि कुणी गेलं की रात्रीअपरात्री खांदा द्यायला पहिला पोचणारा माणूस तोच. संघटना म्हणजे तोच होता खरं तर. मावशी भांडल्या नाहीत, पुस्तक तिथंच ठेवून गेल्या. घेऊन गेल्या नाहीत, हे जास्त लागलं.

तेव्हापासून मी कुणी विचारलं की एकच सांगतो. कोण कोणत्या खुर्चीत बसलं ते नंतर बघ, आधी शोध की त्या-त्या काळात ह्या लोकांना एकत्र यायची गरज कशामुळे पडली आणि ती धावपळ केली कुणी. तारखा त्याच्या मागून आपोआप येतात.

आता गरज म्हणजे काय, तर बहुतेक ठिकाणी पेन्शन. आणि त्याहून आधी, पेन्शन नसणं. दुसऱ्या महायुद्धात आपली फौज फुगून पंचवीस लाखाच्या आसपास गेली होती, लढाई संपल्यावर त्यातले बहुतेक घरी पाठवले. जवानाला पेन्शन लागायला पंधरा वर्ष सर्व्हिस लागायची, ह्यांची झाली चार-पाच-सहा. हातात थोडी ग्रॅच्युइटी, एक-दोन मेडल, रेल्वेचं वॉरंट, आणि जा गावी. एम्प्लॉयमेंट एक्सचेंज नावाचा प्रकार आपल्या देशात मुळात ह्या सुटलेल्या सैनिकांना कामं लावायला १९४५ साली निघाला, बाकीच्यांसाठी तो नंतर खुला झाला, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. तुझ्या भागात तर आणखी एक गोष्ट आहे, युद्धाच्या काळात कल्याणजवळ मोठा मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता, फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं आणि १९४९ साली त्याचं नाव उल्हासनगर झालं. त्या कॅम्पात कामाला असलेली, तिथून भरती झालेली माणसं तुमच्या गावात असणार. आजोबांच्या आधीची पिढी ती, तिच्याबद्दल एक पान तरी पाहिजेच.

ज्यांना पेन्शन होती त्यांची वेगळी कथा. पूर्वी ती ट्रेझरीतून किंवा पोस्टातून मिळायची, बँका पुष्कळ नंतर आल्या. ठाण्याला कोर्ट नाक्याच्या बाजूला कचेऱ्या, तिथं महिन्याच्या ठराविक दिवशी मुरबाड, शहापूर, भिवंडी, वाडा, कुठून कुठून पहाटेची एसटी पकडून म्हातारे यायचे. डोक्याला फेटा नाहीतर गांधी टोपी, अंगात जुना मिलिटरी कोट, हातात कापडी पिशवी, पिशवीत डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. रांगेत दोन-तीन तास जायचे. मग तिथंच ओळखी, तू कुठल्या पलटणीत, मी कुठल्या, तुझी वाढ झाली का, माझी का नाही झाली. ज्याला इंग्रजी वाचता यायचं तो दुसऱ्याचा कागद वाचून दाखवायचा. माझ्या ओळखीच्या चार संघटनांपैकी तीन ह्या रांगेत जन्मल्या, मग कागदोपत्री त्यांची स्थापना कुठल्या का हॉलमध्ये झालेली असेना. तुमच्याकडचे जे म्हातारे अजून आहेत त्यांना "संघटनेचा इतिहास सांगा" असं विचारूच नकोस, ते भाषण सुरू करतील. विचार की पेन्शनला किती वाजताच्या गाडीने जायचात आणि बरोबर कोण असायचं. बघ कशी नावं बाहेर येतात.

एक घोळ आधीच सोडव. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वेगळं आणि संघटना वेगळी. स्मरणिकांमध्ये दोन्हीची सर्रास भेसळ होते. सरकारी बाजूची सुरुवात १९१९ ची, पहिलं महायुद्ध संपल्यावर इंडियन सोल्जर्स बोर्ड काढलं, त्याचंच पुढे केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. त्याच्याखाली राज्याचं, त्याच्याखाली जिल्ह्याचं, जिल्ह्याच्या बोर्डाचे अध्यक्ष कलेक्टर. आपल्या राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्याला बसतो. हे झालं सरकार. संघटना म्हणजे लोकांनी आपली आपण केलेली. देशपातळीवरची इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग आपले पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा साहेबांनी १९६४ साली उभी केली, मग गावोगावच्या मंडळांनी आपल्या नावापुढे "लीगची शाखा" लावायला सुरुवात केली, त्यातल्या काही खरोखर संलग्न होत्या, काहींनी नुसताच बोर्ड रंगवला. तुमची खरंच शाखा होती का ते बघ. संलग्नतेचं पत्र किंवा वर्गणी भरल्याची पावती मिळाली तरच लिही.

आणि हे सगळं इंग्रज साहेबाकडून शिकलो असंही लिहू नकोस, बऱ्याच स्मरणिकांत पहिला पॅरा तसाच असतो. आपल्याच कोकणात दापोलीला बॉम्बे आर्मीच्या, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातल्या फौजेच्या, पेन्शनरांची वस्ती होती. तिथं गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून रिटायर झालेले, ह्यांनी १८९० च्या सुमारास अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली आणि महारांची सैन्यभरती बंद केली त्याविरुद्ध १८९४ साली सरकारकडे अर्जाचा मसुदा केला. त्यात जातीच्या अन्यायाचा प्रश्न होता, पण अर्ज करणारे सुटलेले सैनिकच होते की. डिस्चार्ज झालेला माणूस चार लोकांना जमवतो, सर्व्हिसचा दाखला पुढे करतो आणि सरकारला म्हणतो आमचं देणं द्या, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावला. हे मी मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या गावातही बुद्धविहाराजवळ महार रेजिमेंटच्या पेन्शनरांचं वेगळं मंडळ असायची दाट शक्यता आहे, आमच्याकडे होतं आणि पहिल्या स्मरणिकेत त्यांचं एक अक्षर आलं नव्हतं. "ते नंतर आमच्यात विलीन झाले" असं एका वाक्यात उरकू नकोस. ते वेगळे का होते ते विचार, उत्तर ऐकायला कडू असेल तरी लिही.

आता १९६६ का १९७९. मला विचारशील तर दोन्ही बरोबर असणार. ६५ ची लढाई झाली, गावात पहिल्यांदा सैनिकाचा सत्कार-बित्कार झाला, चार जण जमले, ध्वजदिनाला डबे फिरवले, गणपतीला देखाव्यात तोफ ठेवली, ते तुमचं १९६६. हे मंडळ म्हणजे नुसतं एकत्र बसणं, बँकेत खातं नाही का काही नाही. आणि रजिस्ट्रेशन केलं ते १९७९. भांडण्यापेक्षा धर्मादाय आयुक्तांच्या ठाण्याच्या ऑफिसात जा. तुमच्या लेटरहेडवर दोन नंबर असतील, एक "महाराष्ट्र/अमुक/ठाणे" असा, तो १८६० च्या सोसायटी रजिस्ट्रेशन कायद्याखालचा, आणि दुसरा "एफ-अमुक", तो १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालचा. एफ नंबर टाकून अनुसूची १ ची, म्हणजे न्यासाच्या नोंदणीच्या उताऱ्याची, सर्टिफाइड कॉपी माग आणि मूळ घटना-नियमावलीची पण माग. घटनेच्या शेवटी सात जणांच्या सह्या असतात कारण कायद्याला किमान सात लागतात. नाव, वय, धंदा, पत्ता आणि सही. ह्या सात ओळींसारखा ऐवज दुसरा नाही. आमच्या सातात एक "किराणा दुकान", दोन "वॉचमन", एक "ड्रायव्हर एसटी", एक "शेती", एक "पेन्शनर" आणि एक "नोकरी शोधत आहे" असं स्वच्छ लिहिलेलं होतं, बघून मी तिथं बाकावर बसूनच हसलो आणि मग हसू गेलं.

मिनिट बुकं गेली म्हणून रडत बसू नकोस हे पण त्याच ऑफिसमुळे सांगतोय. दर निवडणुकीनंतर नव्या कमिटीचा फेरफार अहवाल, आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, त्याच न्यास कायद्याच्या कलम २२ खाली नव्वद दिवसात भरावा लागतो. त्याला जोडून सभेचा ठराव, हजेरी, कोण गेलं, कोण आलं, कोणाचा मृत्यू झाला, सगळं असतं. म्हणजे तुमच्या मिनिट बुकातले निवडक उतारे सरकारकडे पडून आहेत, पुराचं पाणी तिथं पोचलेलं नाही. शिवाय दरवर्षीचा ऑडिट रिपोर्ट, त्यात अनुसूची ८ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची ९ म्हणजे जमाखर्च. जमाखर्च नीट वाच, गोष्टी तिथं असतात. आमच्या एका वर्षीच्या खर्चात "टांगा भाडे व हार" सतरा वेळा होतं. टांगा कशाला, तर सतरा अंत्ययात्रा. त्याच्या पुढच्या वर्षी "बेळगाव प्रवास" चार वेळा. मिनिट बुकात नुसतं "सभासदांच्या अडचणी सोडवल्या" एवढं एक वाक्य होतं.

सगळे चेंज रिपोर्ट भरलेले नसणार, ते गृहीत धर. मधली आठ-दहा वर्ष गायब असतात आणि मग एकदम चार रिपोर्ट एका दिवशी भरलेले असतात. त्या गायब वर्षांत बहुतेक वेळा भांडण झालेलं असतं. त्याकडे येतो.

रजिस्ट्रेशन सत्तरच्या शेवटी-शेवटीच का झालं ह्याचं कारण मात्र तुझ्या इतिहासात आलं पाहिजे, कारण आजूबाजूच्या पुष्कळ संघटनांचं तेच आहे. ६२ ला चीनकडून मार खाल्ला, त्यानंतर भरती धडाक्यात झाली. अठरा-वीस वर्षांची पोरं आत गेली. तेव्हा पायदळात सात वर्ष कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष फौजेत, आणि पुढची वर्ष रिझर्व्हला, म्हणजे घरी पण बोलावलं की हजर, ती मुदत सत्तरच्या दशकात वाढत गेली. ही पोरं ६५ आणि ७१ अशा दोन लढाया बघून पस्तिशीच्या आत-बाहेर घरी आली, पदरात लहान मुलं, पेन्शन तुटपुंजी. आणि बाहेर ठाणं बदललेलं. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ ला वागळे इस्टेटपासून झाली, मग ठाणे-बेलापूर पट्टा. कंपन्यांना गेटवर माणूस पाहिजे आणि माजी सैनिक म्हटलं की डोळे झाकून ठेवायचे. तोफखान्यातला गनर, इंजिनिअर्समध्ये पूल बांधलेला सॅपर, सगळे शेवटी गेटवर रजिस्टर घेऊन. काम कमीपणाचं होतं असं नाही म्हणत मी, त्या पगारावर मुलं शिकली, पण बारा-बारा तासाची ड्युटी, सुट्टी नाही, फंड नाही आणि कंत्राटदार मध्ये. खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली कायदा केला आणि सुरक्षा रक्षक मंडळ आलं, त्याच्या आधीच्या काळात ह्या माणसांचं म्हणणं मांडायला गावची संघटनाच होती. सरकारी नोकरीत माजी सैनिकांना आरक्षण होतं, राज्यात १५ टक्के, पण जागा निघाली कधी हे कळायचं कुणाला? ज्याच्या घरी पेपर यायचा त्याला. म्हणून संघटनेच्या ऑफिसाबाहेर फळा लावला, त्यावर जाहिराती खडूने लिहायच्या. तुमच्याकडे तो फळा होता का विचार. आमचा फळा अजून आहे, हल्ली त्यावर मिलिटरी कॅन्टीन बंद-चालूच्या तारखा असतात.

घरोघरी जायला लागशील तेव्हा काळी पत्र्याची ट्रंक कुठंय ते विचार. प्रत्येकाकडे असते, वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, पलटण. हल्ली तिच्यावर गाद्या रचलेल्या असतात नाहीतर ती माळ्यावर. आत डिस्चार्ज बुक मिळालं तर पानापानाचे फोटो काढ. भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि सुटण्याचं कारण, त्यात "रिझर्व्हला वर्ग" असं दिसलं तर वरचं कलर सर्व्हिसचं प्रकरण तिथं लागू. कॅरॅक्टरच्या रकान्यात "एक्झेम्प्लरी", म्हणजे आदर्श वर्तणूक, असेल तर घरातल्यांना त्याचा अर्थ सांग, पन्नास वर्ष पुस्तक घरात असून कुणी वाचलेलं नसतं.

मेडल सापडली तर त्यावरून पुष्कळ कळतं, पण ती ब्रासोने घासू नकोस, घासूही देऊ नकोस. घरच्यांना उत्साह येतो आणि किनार गुळगुळीत करून टाकतात. खरी माहिती किनारीवर असते, नंबर, रँक, नाव, युनिट बारीक अक्षरात ठोकलेलं. मेडल तिरपं धरून बाजूने उजेड पाडायचा आणि मोबाईलने फोटो घ्यायचा, अक्षरं उठून दिसतात. ६५ चं समर सेवा स्टार असेल तर माणूस ऑपरेशनल एरियात होता, नुसतं रक्षा मेडल असेल तर ते पुष्कळ जास्त लोकांना मिळालंय. ७१ ला पूर्वी स्टार म्हणजे बांगलादेशची बाजू, पश्चिमी स्टार म्हणजे पंजाब-राजस्थान-काश्मीरची, आणि संग्राम मेडल हे ह्यातलं सरसकट मिळालेलं. घरचे सांगतील आजोबा राजस्थानात लोंगेवालाला होते, आणि मेडल निघेल पूर्वी स्टार. तिथं वाद घालू नकोस, "पूर्व आघाडीवर होते" एवढं लिही आणि सोडून दे, सुनेला तेवढाच अभिमान पुरतो. इंडिया सर्व्हिस मेडल निघालं तर तो महायुद्धात देशातच ड्युटीला होता, त्यात काही कमीपणा नाही पण "बर्मा फ्रंटचे वीर" असं छापू नकोस.

पहिल्या महायुद्धाचं काही सापडतं का तेही बघ. जुन्या चावडीच्या, शाळेच्या नाहीतर मामलेदार कचेरीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते, ह्या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातले इतके कामी आले, असा मजकूर. सातारा-रत्नागिरी-रायगडकडे पुष्कळ आहेत, साताऱ्याचं अपशिंगे तर नावातच मिलिटरी घेऊन बसलंय. पाटीवर नुसता आकडा असतो, नावं नसतात. नावं शोधायला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट आहे, फुकट आहे, गावाचं नाव वेगवेगळ्या इंग्रजी स्पेलिंगने टाकून बघावं लागतं, वडलांचं किंवा बायकोचं नाव आणि गाव कधी-कधी मिळून जातं. जुनी स्थानिक वर्तमानपत्रं चाळायची असतील तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ चं आहे, तिथं आधी चौकशी कर.

आता बायकांचं. हे मी सगळ्यात शेवटी शिकलो आणि माझ्या मते संघटनेच्या इतिहासाचा अर्धा भाग हाच आहे. माणूस जिवंत असेपर्यंत संघटना म्हणजे कट्टा, तो गेल्यावर त्याच्या बायकोसाठी संघटना म्हणजे फॅमिली पेन्शन. आणि ती अडते कुठे, तर नावात. लग्न झाल्यावर जवानाने युनिटला कळवलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्या माहितीची युनिटमधली नोंद, निघाली, त्यात क्लार्कने, म्हणजे माझ्यासारख्यानेच, लिहिलं "सुमन". सासरी नाव बदललेलं "शोभा". आधारवर "शोभाबाई", बँकेत "शोभा" पण आडनावाचं स्पेलिंग वेगळं. माणूस गेला की बँक म्हणते ही बाई ती नव्हे. मग अॅफिडेव्हिट, तहसीलदाराचा दाखला आणि रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जिथं त्या-त्या पलटणीचे जुने कागद असतात ते. मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर सागर, तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे सॅपर खडकी, सिग्नल जबलपूर, नेव्हीवाला असेल तर नशीबवान, मानखुर्दलाच काम. तो जमाखर्चातला "बेळगाव प्रवास" म्हणजे हे. आमचे एक सुभेदार साहेब एका बाईंना घेऊन तीनदा बेळगावला गेले, तिसऱ्या खेपेला तिथल्या क्लार्कने जुन्या शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्रात, लग्नाची तारीख आणि सासऱ्याचं नाव जुळवून दिलं, आणि मागची थकबाकी मिळाली. बाईंनी साहेबांना एक धोतरजोडी दिली. साहेबांनी ती नेसली नाही कधी, पँटवाले होते, पण ट्रंकेत जपून ठेवली होती, ते गेल्यावर मुलाने मला दाखवली. हे आता सगळं स्पर्श ह्या फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर आलंय, हयातीचा दाखलाही मोबाईलवर देता येतो, पण पोर्टलवर चढवलेली नावं त्याच जुन्या कागदातली, त्यामुळे चुकाही जुन्याच. आमच्या ऑफिसात आजही दहातली सहा माणसं नावासाठीच येतात.

म्हणून विधवांचं रजिस्टर असेल तर ते शोध. नसेल तर घरोघरी विचारून तू कर. आणि त्यांना नुसत्या लाभार्थी म्हणून छापू नकोस. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे २०१८ ला काश्मीरात गुरेझला शहीद झाले, त्यांच्या पत्नी कनिका राणे २०२० ला स्वतः अधिकारी म्हणून फौजेत गेल्या, हे आपल्याच जिल्ह्यातलं. एवढं मोठं नाही, पण आमच्याकडेही आहे. १४ जानेवारी हा करिअप्पा साहेबांचा १९५३ सालचा निवृत्तीचा दिवस म्हणून हल्ली व्हेटरन्स डे करतात, आणि त्याच दिवशी आपली संक्रांत. एका वर्षी आमच्या सौ. आणि बाकीच्या बायकांनी ठरवलं की कार्यक्रमाला येणाऱ्या वीरनारींना तिळगुळाबरोबर हळदीकुंकू पण लावायचं. पहिल्या तिघींनी हात आडवा केला. चौथी जरा म्हातारी होती, ती म्हणाली लाव गं, मला दिसत नाही पण वास येतो. त्यानंतर मागच्या तिघी परत रांगेत आल्या. त्याचा फोटो नाही कुणाकडे, पुरुष मंडळी बाहेर चहा पीत होती.

भांडणं. प्रत्येक संघटना फुटते. कारणं ठरलेली, हॉलसाठी मिळालेला प्लॉट, ध्वजनिधीचा हिशोब, सिक्युरिटी एजन्सी कुणाच्या नावाने काढायची, ऑफिसर विरुद्ध जवान, निवडणुकीत कुणाच्या व्यासपीठावर बसायचं. आमची फुटली १९९० च्या दशकात आणि दोन्ही गट स्वतःला मूळ म्हणवत होते, शिक्के पण दोन. स्मरणिकेच्या कमिटीत एका गटाचे लोक असतात, ते म्हणतात "त्या काळात काही गैरसमज झाले". असं लिहू नकोस, लोकांना सगळं माहीत असतं. दोन्ही बाजूंकडे जा, दोघांचं म्हणणं दोन-दोन ओळी, पैशाचा आकडा ऑडिट रिपोर्टात असेल तेवढाच, चोर कुणालाच म्हणायचं नाही, आणि पुन्हा एक कधी झालात की झालाच नाहीत ते सरळ लिहायचं. वन रँक वन पेन्शनचं, म्हणजे रँक आणि सर्व्हिस सारखी तर पेन्शनही सारखी ह्या मागणीचं, पण तसंच. २०१५ च्या जूनमध्ये जंतरमंतरला उपोषण सुरू झालं तेव्हा आमच्यातले तिघं रेल्वेने दिल्लीला जाऊन बसले, सप्टेंबरला सरकारने जाहीर केलं, १ जुलै २०१४ पासून लागू. मग पेन्शनच्या आकड्यांचे टेबल हातात आले आणि जवानांना वाटलं आपल्या वाट्याला कमी आलं, त्यावरून आमच्या खोलीत खुर्च्या उचलेपर्यंत वेळ गेली. दिल्लीला गेलेले तिघं आता दोन वेगवेगळ्या गटात आहेत. दोघं एकाच बिल्डिंगमध्ये राहतात.

पाण्याचं तू लिहिलंस, ते नुसतं "कागदपत्रे नष्ट झाली" म्हणून लिहू नकोस. २६ जुलैला तुमच्या लोकांनी काय केलं ते विचार. ट्यूब, दोर, पाण्यात उतरून म्हातारी माणसं काढणं, हे काम त्या भागात माजी सैनिकांनी केल्याचं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, पण तुझ्या गावचं तूच विचारून लिही, नावानिशी. कोणाकडे दोर होता, कुणाच्या गच्चीवर चूल पेटली.

अलीकडचं जास्त ताणू नकोस. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस आलं, म्हणजे पेन्शनरांना दवाखाना, मग संघटनेच्या ऑफिसात रेफरल आणि कार्डांची गर्दी. कॅन्टीन, घरपट्टी माफी, मुलांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म. तरुण मुलं सुटून येतात ती व्हॉट्सअॅपवरच असतात, सभेला येत नाहीत. त्यावर आमचे म्हातारे खूप चिडतात, मला विशेष वाटत नाही, ती पण अडचण आली की येतील, आम्ही कुठं सभेच्या हौसेने गेलो होतो?

तर आता असं कर, पुढच्या आठवड्यात अनुसूची १ आणि घटनेच्या कॉपीसाठी अर्ज टाक, अर्जावर संघटनेच्या सेक्रेटरीची सही आणि शिक्का असू दे नाहीतर खिडकीवरून परत पाठवतील. तोपर्यंत आजी असतील तर त्यांच्याजवळ बस, पण वही पेन काढू नकोस, मोबाईल बाजूला रेकॉर्डिंगला ठेव. सात सह्यांची कॉपी मिळाली की घेऊन कळव्याला ये, त्यातली अक्षरं लागत नसतील तर मी लावून देतो. फक्त मंगळवारी येऊ नकोस, मंगळवारी मी मावशींना घेऊन बँकेत जातो, त्यांचं स्पेलिंग अजून सुटलेलं नाही.